भार आल्यावर

गाडीखाली वाकून पाहायची सवय सभ्य माणसाला नसते. म्हणून बोलेरोच्या मागच्या एक्सलला उराशी धरून बसलेले पाटे बहुतेकांच्या नजरेलाच पडत नाहीत. सर्वांत लांब पाट्याची दोन्ही टोकं वळवलेली, त्याच्याखाली एकाहून एक आखूड भाऊबंद, मधून आरपार एक सेंटर बोल्ट आणि वरून दोन यू-बोल्टांची मिठी. ही गाडी २००० साली आली. बरोबरीच्या कितीतरी गाड्या कॉइल स्प्रिंगच्या गुबगुबीत सुखाला लागल्या. हिनं मागचे पाटे काही सोडले नाहीत.

पाट्यांच्या वळवलेल्या टोकांतले रबरी बुश बदलताना मिस्त्रीचा एक विधी असतो. पाट्याचं टोक गाडीला टांगून धरणाऱ्या शॅकलचे बोल्ट तो हातानंच बसवतो, नट जेमतेम फिरवतो आणि जॅक उतरवून गाडी जमिनीवर ठेवतो. मग मागच्या बंपरवर चढून देवळातल्या घंटेखाली उड्या मारणाऱ्या पोरासारखा गाडी हलवतो. "आता वर आहेच तर कसून टाकायचं होतं की," असं मी सुचवलं, तेव्हा तो खालूनच म्हणाला, "साहेब, हवेत कसलेलं हवेतच ऱ्हातंय." खरंच आहे. बोल्ट ज्या अवस्थेत आवळला, तीच बुशाच्या रबराला विश्रांतीची जागा वाटते. पाटे लोंबकळत असताना आवळला, तर गाडीचं नेहमीचं वजन आलं की रबर पीळ खातं, खड्ड्यागणिक आणखी पिळतं आणि अकाली फाटतं. बिचाऱ्याचं उभं आयुष्य अवघडून जातं.

यू-बोल्टांचं शास्त्र वेगळं. चारही नट थोडे थोडे, तिरपे समोरासमोर आवळायचे. एकाचे लाड केले की दुसरा रुसतो. ते सैल राहिले तर सगळा ताण सेंटर बोल्टवर येतो. तो तुटला की एक्सल सरकतो आणि गाडी तोंड एकीकडे करून दुसरीकडे चालू लागते. लहानपणी बाजाराच्या दिवशी अशी एक वडाप जीप दिसायची. तिरकी, भरगच्च, टपावर कोंबड्यांची खुराडी घेतलेली. ती गावाला निघाली आहे की गावावर रुसून चालली आहे, हे शेवटपर्यंत कळायचं नाही. आतली माणसं मात्र एकमेकांना सरकून जागा देत असायची.

आपले बहुतेक संकल्प चाकं अधांतरी असतानाच कसलेले असतात: पहाटे उठण्याचे, कधीच न रागावण्याचे, जन्मभर साथ देण्याचे. मग संसाराचा भार येतो, पीळ बसतो आणि आपण रबराला दोष देतो. भार आल्यावर एकदा सैल करून पुन्हा कसायची मुभा माणसांनाही हवी.

गाडीला ती आहे. नवे पाटे काही दिवस एकमेकांवर घासून बसतात, तेवढी पकड ढिली होते. तेव्हा काम नुकतंच करून घेतलं असेल, तर पाचशे-हजार किलोमीटरनंतर यू-बोल्टांना पुन्हा पाना लावून घ्या. मिस्त्री बहुधा पैसे घेणार नाही. चहा मात्र पाजा.