जसंच्या तसं

आमच्या वाचनालयाची पुस्तकं संगणकावर शोधता यावीत म्हणून मी इलॅस्टिकसर्च बसवलं. जेमतेम काही हजार पुस्तकांना एवढं जड यंत्र कशाला, हा प्रश्न मी कुणाला सुचूच दिला नाही.

प्रात्यक्षिकाला ग्रंथपाल काकू म्हणाल्या, "'श्यामची आई' दाखवा. फक्त तेवढंच."

मी 'मॅच' क्वेरी चालवली. तिला दोहोंतला एक शब्द सापडला तरी पुरतं. साने गुरुजींच्या मागोमाग गॉर्कीची 'आई' आली, उत्तम कांबळ्यांचं 'आई समजून घेताना' आलं, मग बाळ-बाळंतिणीच्या आहाराची रांग लागली.

"एकच आई मागितली होती," काकू म्हणाल्या.

मी बाह्या सरसावल्या. तंतोतंत जुळणीला 'टर्म' क्वेरी असते, एवढं ऐकून होतो. उत्तर आलं शून्य. अध्यक्षांनी चष्मा पुसून पाहिलं, तरी शून्यच. 'टेक्स्ट' प्रकारच्या रकान्यात मजकूर शिरतानाच त्याचे शब्द सुटे होतात. इंग्रजी असेल तर मोठी अक्षरंही धाकटी होतात. सूचीत 'श्यामची' एकीकडे, 'आई' दुसरीकडे. 'टर्म' मात्र अख्खं शीर्षक न मोडता एकच शब्द समजून शोधत बसते. मायलेकरांची ही ताटातूट टाळा, असं माहितीपुस्तिकेत ठळक लिहिलंय म्हणे. माहितीपुस्तिका मी नवशिक्यांसाठी सोडली होती.

'मॅच फ्रेज'नं दोघं शेजारी आली, पण 'श्यामची आई'वर लिहिलेली पुस्तकंही सोबत घेऊन. शेवटी उलगडलं: 2016 च्या पाचव्या आवृत्तीपासून 'टेक्स्ट'च्या जोडीला 'कीवर्ड' प्रकार आहे, आणि आपण काहीच ठरवून दिलं नाही तर इंजिन शीर्षक न मोडता तिथेही ठेवतं. सोय पहिल्या दिवसापासून होती! तिथे 'टर्म' चालवली. एकच पुस्तक. टाळ्या.

तिथंच थांबायला हवं होतं. "आता काहीही विचारा," मी म्हणालो. अध्यक्षांनी स्वतःच्या गावाचं नाव टंकलं: कऱ्हाड. शून्य.

हा 'ऱ्ह' दोन तऱ्हांनी टंकता येतो. एक नुक्त्याच्या ऱ ला हलन्त लावून. दुसरा साध्या र ला हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जोडक देऊन. पडद्यावर दोन्ही जुळे भाऊ, यंत्राला मात्र परके. मी एका तऱ्हेनं भरलं होतं, अध्यक्षांनी दुसरीनं मागितलं. युनिकोडचं हे निरूपण मी रंगात येऊन करत असताना काकूंनी देवघेवीचं रजिस्टर उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"'कऱ्हाड' ना? ते दिवाळीपासून तुमच्याच घरी आहे. दंड सुट्टा द्या."