महाबली नापास

देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय शिक्का सक्तीचा झाला. त्यासाठीचं प्रमाण आहे आयएस 9873, आणि त्यातल्या परीक्षा वाचताना फुलंब्रीच्या माणसाला हसू आवरत नाही. दीड वर्षापुढच्या पोरांचं खेळणं 93 सेंटीमीटरवरून चार वेळा पाडायचं. खाली काँक्रीट खरं, पण त्यावर विनाइलचा थर. मग ओढून बघायचं. 70 न्यूटन, म्हणजे सातेक किलोचा ताण, पाच सेकंदांत हळूहळू चढवायचा आणि दहा सेकंद तसाच धरायचा. हळूहळू! एक खेळणं आणि दोन भावंडं या साहेबांनी कधी एकत्र पाहिलेली दिसत नाहीत.

आमच्या अंगणातली प्रयोगशाळा याहून कडक. पुतण्या मुख्य शास्त्रज्ञ, त्याची बहीण सहाय्यक आणि वासरू बाहेरून बोलावलेलं तज्ज्ञ. परीक्षार्थी म्हणजे खुलताबादहून आणलेला प्लास्टिकचा महाबली, छाती फुगवलेला, आतून पोकळ. (तिथला भद्रा मारुती मात्र निवांत आडवा असतो. खऱ्या बलवानाला छाती काढून दाखवावी लागत नसावी.)

पहिली चाचणी गच्चीवरून, कॅरीबॅगचं पॅराशूट लावून. महाबली नेमका आल्याच्या वाफ्यात पडला, त्यामुळे निकाल राखून ठेवला. उष्णतेची चाचणी मे महिन्यात गोठ्याच्या पत्र्यावर झाली; संध्याकाळपर्यंत फुगलेली छाती खपाटीला गेली होती. वासराने डावा पाय बराच वेळ चघळून परत केला. अहवाल: चव नाही.

हात गेला तो ओढाताणीत.

"तुटला नाय काका, निघाला," शास्त्रज्ञ म्हणाले.

मी निरखून पाहिलं. खांद्याच्या भोकात बसणारी हाताची खुंटी मानेपाशी पांढुरकी पडली होती. प्लास्टिक असंच तुटतं, आधी पांढरं पडतं. तेवढ्यात आजीने तो हात हिसकावून घेतला. "बारक्याच्या तोंडात जाईल ना ते!" प्रमाणात या कामाला 31.7 मिलिमीटर व्यासाची नळी आहे; सुटा तुकडा तिच्यात पुरता मावला, तर तो तीन वर्षांखालच्या पोरांसाठी धोक्याचा. आजीची नळी नजरेतच आहे.

आता, न खेळता जपून ठेवलं तर खेळणं टिकतं, असं कोणी म्हणेल. 1982 पासून अमेरिकेत निघालेले पावणेचार इंची जी. आय. जो सैनिक आठवा. पुढे फनस्कूलने ते आपल्याकडेही आणले. त्यांची कंबर आतल्या एका रबरी कड्यावर तोललेली असे. रबर काही वर्षांनी आपोआप वाळतं, चिरतं, आणि कपाटातला एकही लढाई न पाहिलेला जवान एके दिवशी कमरेत दोन तुकडे होऊन पडतो. आमच्या महाबलीच्या अहवालात निदान मोडण्याचं कारण तरी लिहिता येतं.

पुतण्याने शेवटी आजीकडून हात सोडवून आणला आणि बाभळीच्या काट्याने खांद्यात पक्का ठोकला. बहिणीने दोन्ही हातांनी ओढून पाहिला, हलला नाही. 70 न्यूटन आरामात पार. फक्त प्रमाणात टोकदार भागांसाठी एक वेगळं कलम आहे, आणि काटा काखेतून चांगला बोटभर बाहेर आलाय.