फ्लेक्सवरचे अकरा सूर्य

वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचा मजकूर मी पूर्वी वाचत असे. आता सगळ्यांच्या नाकाखालची सावली बघतो. मधोमध उभ्या असलेल्या भावी नगरसेवकांवर उजेड डावीकडून येतो, वरून आशीर्वाद देणाऱ्या साहेबांवर उजवीकडून. खाली ओळीने लावलेल्या शुभेच्छुकांपैकी कुणावर ट्यूबलाइटचा, कुणावर हळदीच्या मांडवातला, तर एकावर थेट मोबाइलच्या फ्लॅशचा. आमच्या चौकातल्या एका फ्लेक्सवर मी अकरा सूर्य मोजले. पंचांगवाल्यांनी याची दखल घ्यायला हवी.

फोटोशॉप शिकायला लागल्यापासून डोळ्यांना हे खूळ जडलं. निवृत्तीनंतर माणसाने काहीतरी शिकावं म्हणतात. बरेच जण बासरी घेतात आणि शेजारी घर विकायला काढतात. त्या मानाने माझा छंद बिनआवाजी. आमचे गुरू कोपऱ्यावरच्या फ्लेक्सच्या दुकानात डिझायनर आहेत, वयाने माझ्या धाकट्या भाच्याहूनही लहान. मी त्यांना ‘अरे’ म्हणतो, ते मला ‘काका’ म्हणतात, आणि माझी फाइल उघडली की एक मोठा उसासा टाकतात.

पहिला धडा लेयरचा. खाली एक फोटो, त्यावर दुसरा, आणि दोन्ही आपापल्या जागी शाबूत. कोणताही केव्हाही हलवा. यात विशेष काय, असं वाटतं खरं. पण थॉमस आणि जॉन नॉल या अमेरिकन भावांचं फोटोशॉप 1990 साली बाजारात आलं, तेव्हा त्यात लेयर नव्हतेच. ते आले 1994 साली, तिसऱ्या आवृत्तीत. तोवर एकदा चिकटवलं की चिकटलं. त्या काळात काम केलेल्या लोकांचा मला मनापासून आदर वाटतो.

दुसरा धडा मास्कचा. नको तो भाग पुसायचा नाही, झाकायचा. मास्कवर काळा ब्रश फिरवला की वरचा फोटो तेवढ्यापुरता गुप्त, पांढरा फिरवला की पुन्हा हजर, करडा फिरवला की अर्धामुर्धा. “काका, खोडरबर वापरायचं नाही,” हा गुरूंचा एकमेव कडक नियम. बाकी ते फार सोशिक आहेत.

खरी गंमत आली ब्लेंडिंगमध्ये. तिथे ‘मल्टिप्लाय’ नावाचा एक प्रकार आहे. तो निवडला की दोन्ही फोटो मिळून गडद होतात. का, ते गुरूंना सांगता येईना. “होतात काका, तसंच असतं ते.” मग मीच शोधून काढलं. प्रत्येक ठिपक्याचा उजेड शून्यापासून एकपर्यंत धरायचा, काळा म्हणजे शून्य, पांढरा म्हणजे एक, आणि वरच्या ठिपक्याने खालच्याला गुणायचं. झालं! लहानपणी पाठ केलेली पावकी-निमकी इतक्या वर्षांनी कामाला आली. निम्म्याचं निम्मं पाव. म्हणून अर्ध्या उजेडावर अर्धा उजेड ठेवला की पाव उरतो. ‘स्क्रीन’ नावाचा प्रकार याच्या बरोब्बर उलट, तो अंधाराला अंधाराने गुणतो. निम्म्या अंधाराचं निम्मं पाव, म्हणजे पाऊण उजेड. मी हे गुरूंना समजावलं, तेव्हा त्यांनी “पाऊण म्हणजे किती?” असं विचारलं. आमच्या नात्यात समतोल आला तो त्या दिवशी.

फोटो जोडण्याची ही हौस कॉम्प्युटरने लावली असं कुणी समजू नये. ऑस्कर रेलँडरने 1857 साली तिसाहून जास्त निगेटिव्ह जोडून एक भलंमोठं चित्र केलं आणि मँचेस्टरच्या प्रदर्शनात मांडलं. पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सनने पाच निगेटिव्ह जोडून मृत्युशय्येवरच्या मुलीचा फोटो केला. कुणाच्या घरातलं दुःख असं टिपावं का, म्हणून लोक हळहळले, चिडले. मुलगी ठणठणीत होती.

आपल्याकडे दादासाहेब फाळके या वाटेचे. गोध्र्याला फोटो स्टुडिओ, मग ब्लॉक करण्याचा धंदा, शिवाय जादूचे प्रयोग. जादू करताना आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’. फोटोशॉपमध्ये ‘फ्लिप हॉरिझॉन्टल’ म्हणून जी आज्ञा आहे, ती या गृहस्थाने स्वतःच्या नावावरच चालवली होती! त्यांच्या 1919 सालच्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी आधी साध्या रूपात चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते आणि मग बघता बघता कृष्ण होते. कॉम्प्युटर नसताना.

ही फ्लिपची आज्ञा आमच्या गुरूंची लाडकी. दोन फोटोंतला उजेड जुळत नसेल तर एक फोटो आरशातल्यासारखा उलटा करायचा, डावीकडचा उजेड उजवीकडे येतो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या मावशींचं काम आलं, तेव्हाही त्यांनी तेच केलं. मावशींचा आणि काकांचा जोडीने असा एकही फोटो नाही. काकांचा एक स्टुडिओतला आहे, ते पंचेचाळिशीत गेले त्याच्या आधीचा. मावशींचा परवाचा, गच्चीवरचा. गुरूंनी काकांना उलटं केलं, कडा मऊ केल्या, दोघांचा रंग एका सुरात आणला. उजेड तंतोतंत जुळला. मी तर मान डोलावली.

मावशींनी चष्मा लावला. “अरे, ह्यांचा खिसा उजवीकडे कधीपासून? आणि भांग?”

“आजी, त्याशिवाय लाइट मॅच होत नाही.”

“नसू दे. भांग ह्यांचा डावीकडेच होता.”

काका पुन्हा सुलटे झाले. मग त्यांची उंची. “माझ्यापेक्षा दोन बोटं उंच होते.” तीही झाली. आता खरी पंचाईत अशी, की शेजारी उभ्या राहिलेल्या मावशी काकांच्या आई दिसत होत्या. गुरूंनी अदबीने सुचवलं, की आजींच्या सुरकुत्या चुटकीसरशी जातील. मावशींनी बराच वेळ स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाल्या, “त्यापेक्षा ह्यांचं वय वाढव की जरा.”

मग ‘डॉज’चा ब्रश निघाला. पूर्वी डार्करूममध्ये तारेला पुठ्ठ्याची चकती लावून कागदावर पडणारा उजेड अडवत, म्हणजे छापात तेवढा भाग उजळ राही. हा त्याचाच वारस. गुरूंनी त्याने कानशिलावरचे केस एकेक पांढरे केले. मावशी बाजूला बसून सूचना देत होत्या. “मिशीत कमी. ह्यांच्या वडिलांची मिशी शेवटपर्यंत काळी होती.”

तो फोटो आता त्यांच्या भिंतीवर आहे. त्यात दोन सूर्य आहेत आणि ते मला दर वेळी दिसतात. मावशींना दिसत नाहीत, आणि दाखवायला जाण्याइतका मी अजून तज्ज्ञ झालेलो नाही.

तुमच्या घरातल्या दोन माणसांचा एकत्र फोटो नसेल, तर या रविवारी त्यांना गॅलरीत शेजारी शेजारी उभं करून एक काढून घ्या. उजेड दोघांवर एकाच बाजूने पडेल, खिसा डावीकडेच राहील, आणि गुरूंना पैसे द्यावे लागणार नाहीत.