प्रा. सालाझार यांस, न पाहिलेल्या गोव्याबद्दल

प्रति,
प्रा. आंतोनियु द ओलिव्हेरा सालाझार,
माजी पंतप्रधान, पोर्तुगाल
(हल्ली मुक्काम दफनभूमी, विमिएरू)

स. न. वि. वि.

आपली शेवटची दोन वर्षं फार समाधानात गेली म्हणतात. १९६८च्या उन्हाळ्यात आपण आरामखुर्चीवरून पडलात, डोक्याला मार बसला, पुढे मेंदूत रक्तस्राव झाला आणि सप्टेंबरात आपल्या जागी मार्सेलु कायतानु पंतप्रधान झाले. ही बातमी आपल्या कानावर घालायला कोणी धजावलं नाही. मंत्री येत, बसत, आपण सूचना करत असा, ते माना डोलावत. २७ जुलै १९७० रोजी आपण गेलात ते स्वतःच्या समजुतीप्रमाणे पंतप्रधान म्हणूनच. लोक या किश्शाला हसतात. मला त्यात नवल वाटत नाही. हातात नसलेलं राज्य चालवायची सवय आपल्याला होतीच. गोवा गेल्यावर जवळजवळ सात वर्षं आपण तो लिस्बनमधून चालवला, आणि तेव्हा तर प्रकृती ठणठणीत होती.

या पत्राला कारण तोच गोवा. १९५६ साली ‘फॉरिन अफेअर्स’ या अमेरिकन नियतकालिकात आपण गोव्याबद्दलची पोर्तुगालची बाजू स्वतः लेख लिहून मांडलीत. एकूण सूर असा, की नकाशावर गोवा भारताला चिकटलेला दिसतो म्हणून तो भारताचा होत नाही. साडेचारशे वर्षांचा इतिहास त्याला पोर्तुगीज ठरवतो. युक्तिवाद वजनदार आहे, प्राध्यापकाला शोभणारा आहे. फक्त एक बारीकशी अडचण. ज्या भूमीचा आत्मा आपण इतक्या खात्रीने ओळखत होतात, तिथे आपण कधी पाऊल ठेवलं नाही. गोव्यात नाही, अंगोलात नाही, मोझांबिकमध्ये नाही. आमच्याकडे तलाठ्याला हाताशी धरून दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आपलं नाव चढवणारे महाभाग गावोगाव आहेत. पण तेसुद्धा एकदा बांधावर येऊन जमीन बघून जातात हो.

फेरफाराची नोंद करण्यात मात्र आपला हात कोणी धरला नसता. १९३०च्या वसाहत कायद्यात आपण उघडपणे लिहिलं होतं, की सागरापलीकडचे प्रदेश बाळगणं आणि तिथल्या रहिवाशांना सुधारणं हा पोर्तुगीज राष्ट्राचा मूळ धर्मच आहे. मग महायुद्ध संपलं, संयुक्त राष्ट्रसंघ आला, वसाहती बाळगणाऱ्यांना चारचौघांत हिशेब विचारायची वाईट चाल पडली. १९५१ साली आपण घटना दुरुस्त केलीत आणि सगळ्या वसाहती एका रात्रीत ‘सागरपार प्रांत’ झाल्या. मांडवीचं पाणी तेच, पणजीतला गव्हर्नर तोच, पोलीस तेच. पुढे पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांचा सभासद झाला आणि तिथे विचारणा झाली, की तुमच्या ताब्यात स्वराज्य नसलेले प्रदेश कोणते? आपल्या सरकारने बाणेदारपणे कळवलं, एकही नाही.

प्रांत म्हटल्यावर तिथला माणूस पोर्तुगालचा नागरिक झाला, आणि नागरिकाची आपण काय बडदास्त ठेवलीत ते म्हापशाच्या डॉ. पुंडलिक गायतोंड्यांनी अनुभवलं. १९५४च्या फेब्रुवारीतली गोष्ट. एका निरोपाच्या जेवणात कोणीतरी भाषण करता करता गोवा पोर्तुगालचाच आहे असं म्हणून गेलं. डॉक्टरांनी तिथल्या तिथे निषेध नोंदवला. घोषणा नाही, मोर्चा नाही, टेबलावर जेवणाची ताटं. तेवढ्यावर त्यांना अटक झाली आणि थेट पोर्तुगालला धाडण्यात आलं. त्यांची पत्नी अझोर्स बेटांवरची, जन्माने अस्सल पोर्तुगीज, हेही आपल्या पोलिसांपुढे उपयोगी पडलं नाही. त्याआधी १८ जून १९४६ला मडगावात राममनोहर लोहिया भर पावसात सभेला उभे राहिले तेव्हाही हाच तत्परपणा दिसला होता. गोवामुक्तीसाठी झगडणाऱ्या त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांना तर आपण पेनिशच्या किल्ल्यात नेऊन ठेवलंत. लग्नाची पत्रिका छापायची तरी सेन्सॉरचा शिक्का लागे. एका बाबतीत मात्र आपण समता पाळलीत हे कबूल करायला हवं. लिस्बनच्या माणसालाही तोंड उघडायची मुभा नव्हती.

आता नगरहवेली. हा विषय निघाला की आम्हा मराठी माणसांना जरा चेव येतो, तेव्हा सांभाळून घ्या.

१७७२ साली मराठ्यांच्या आरमाराने आपलं ‘सांताना’ हे जहाज फोडलं. भरपाई आणि दोस्ती या दोन्ही खात्यांवर १७७९च्या तहाने पेशव्यांनी बारा हजार रुपये वसुलाची गावं पोर्तुगीजांना लावून दिली. १७८३त नगरहवेली, १७८५त दादरा. पेशवाईत हा रोजचाच व्यवहार होता. गावाचा वसूल खायचा अधिकार द्यायचा, गाव द्यायचं नाही. पावणेदोनशे वर्षांनी, १९५४च्या जुलै-ऑगस्टात, दादरा आणि नगरहवेली स्वयंसेवकांच्या तुकड्यांनी सोडवून घेतली. त्यांत आझाद गोमंतक दल होतं, संघाची माणसं होती, सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते. गीतरामायण अजून व्हायचं होतं, ‘राजा शिवछत्रपती’ही. एक गवई आणि एक इतिहासवेडा तरुण आपल्या सरहद्दीत घुसले आणि सिल्वासावर तिरंगा लागला. आपल्या साम्राज्याच्या संरक्षण व्यवस्थेबद्दल मी अधिक बोलत नाही.

आपण मात्र दमला नाहीत. १९५५च्या १४ डिसेंबरला पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांत आलं आणि २२ डिसेंबरला, म्हणजे हातातल्या फॉर्मवरची शाई वाळायच्या आत, आपण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा ठोकलात. मागणी काय, तर दमणहून नगरहवेलीला भारताच्या हद्दीतून जायची वाट द्या, सैन्यासकट. मग सव्वाचार वर्षं हेगमध्ये जे चाललं ते ऐकायला नाना फडणवीस हवे होते. त्यांच्या काळच्या तहातलं कलम, त्याची मराठी आणि पोर्तुगीज प्रत, सरंजाम म्हणजे काय आणि सार्वभौमत्व म्हणजे काय, यावर जगभरचे न्यायमूर्ती डोकं लढवत बसले. भारताची बाजू मोतीलाल सेटलवाड मांडत होते, आणि भारतातर्फे खास न्यायाधीश म्हणून मुंबई उच्च न्यायालयाचे एम. सी. छागला बसले होते. १२ एप्रिल १९६०ला निकाल लागला, तो असा की दोन्ही घरी पेढे वाटता यावेत. पेशव्यांनी दिला तो नुसता वसूल, सार्वभौमत्व नव्हे. पण पुढे इंग्रजांनी डोळेझाक केली म्हणून पोर्तुगालचं सार्वभौमत्व रुजलं. साध्या माणसांना आणि मुलकी अधिकाऱ्यांना वाट मिळायला हवी होती. फौजेला, शस्त्रांना मात्र तसा हक्क नव्हता. आणि १९५४ साली भारताने वाट अडवली त्यात त्याने कर्तव्य मोडलं असं होत नाही. म्हणजे हक्क होता, पण बजावायला पोलीस नेता येणार नाहीत. सार्वभौमत्वाचा इतका अहिंसक प्रकार गांधीजींनाही सुचला नसता.

मधल्या काळात नगरहवेलीत वरिष्ठ पंचायत कारभार पाहत होती, आपल्याच टपाल तिकिटांवर ‘मुक्त प्रदेश’ असा शिक्का मारून पत्रं जात होती. १९६१त भारतात विलीन व्हायचं ठरलं तेव्हा कागदावर सही करायला कोणीतरी सरकारप्रमुख हवा, म्हणून के. जी. बदलानी या आयएएस अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं तिथलं पंतप्रधान केलं. त्यांनी सही केली, नेहरूंनी सही केली. कागदी कसरती फक्त आपल्यालाच येत होत्या असं समजू नका.

गोव्यात कसरत नव्हती, गोळीबार होता. १५ ऑगस्ट १९५५ला हद्द ओलांडणाऱ्या नि:शस्त्र सत्याग्रहींवर आपल्या शिपायांनी गोळ्या झाडल्या, वीसहून अधिक माणसं मेली. पत्रादेवीला त्यांचं स्मारक आहे. त्यावर विनोद करायची माझी तयारी नाही.

आमच्या बाजूलाही सगळे धुतल्या तांदळासारखे नव्हते, हे इथेच सांगून टाकतो. त्या गोळीबारानंतर दिल्लीने सत्याग्रह थांबवला, नाकेबंदी केली आणि पुढची सहा वर्षं जगाला शांततेची प्रवचनं दिली. नाकेबंदीचा चटका आपल्याला कितीसा बसला? आपण दाबोळीला विमानतळ बांधलात, विमान कंपनी काढलीत, हॉलंडचे बटाटे आणि जपानचं सिमेंट आणवलंत, खनिजाच्या पैशावर सगळं भागलं. चटका बसला तो मुंबईत धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गावोगावच्या सामाईक खोल्यांत, राहणाऱ्या गोंयकार खलाशांना आणि आचाऱ्यांना. गावाकडे पैसे पाठवायचे तर वाट बंद, आई आजारी पडली तर जायचं कसं याचीच चिंता. तेव्हा गोवेकरांचं मत घ्यावं असं ना आपल्याला वाटलं, ना फारसं दिल्लीला.

मोहन रानड्यांबद्दल मात्र आपल्याला वेगळं सांगायचं आहे. सांगलीकडचा हा मास्तर गोव्यात शिकवायला गेला, सशस्त्र लढ्यात उतरला आणि १९५५च्या ऑक्टोबरात बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन सापडला. शिक्षा २६ वर्षांची. पुढे त्यांना पोर्तुगालला नेऊन काशियासच्या तुरुंगात ठेवलं. १९ डिसेंबर १९६१ला गोवा सुटला, रानडे सुटले नाहीत. फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी समिती काढली, वर्षं गेली, तरी आपण हलला नाहीत. जो प्रदेश आपल्याकडे राहिला नाही, त्या प्रदेशातला कैदी तेवढा आपण जपून ठेवलात. जानेवारी १९६९मध्ये ते बाहेर आले, आपल्याला बाजूला सारल्यावर चार महिन्यांनी. आपल्याला कोणी सांगितलं नसेलच, म्हणून कळवतो.

डिसेंबर १९६१चे हुकूम आपल्या आठवणीत असतीलच. गव्हर्नर जनरल व्हासालु ई सिल्व्हांना आपण तारेने कळवलंत, की तह नाही, शरणागती नाही, सैनिक एकतर विजयी व्हावेत नाहीतर मरावेत. आठ दिवस टिकाव धरा, म्हणजे तेवढ्यात जगाला जाग आणता येईल. हे लिहिताना आपण लिस्बनला होतात, तिथली हवा डिसेंबरात बरी असते. इकडे सुमारे साडेतीन हजार माणसं, जुनाट बंदुका, लढाऊ विमान एकही नाही. आपल्या सैन्याने रणगाडे फोडायचे गोळे मागवले होते म्हणे, सांकेतिक शब्द ठेवला होता ‘चोरीस’, म्हणजे सॉसेज, आणि विमानातून आले ते खरोखरचे चोरीस. गोष्ट खरी की रचलेली, देव जाणे. पण गोव्यात निदान त्या मालाची टंचाई कधी नव्हती. १५१०त ज्याने गोवा घेतला त्या आफोन्सो द आल्बुकर्कच्या नावाची आपली युद्धनौका गोव्याच्याच किनाऱ्यावर रुतली आणि नंतर भंगारात निघाली.

व्हासालु ई सिल्व्हा शहाणा माणूस निघाला. दीड दिवसात त्याने पांढरं निशाण दाखवलं, पणजी उभी राहिली, माणसं जिवंत राहिली. त्याबद्दल आपण त्याला सैन्यातून काढून टाकलंत. कैद झालेले सैनिक महिनोन्‌महिने भारतातल्या छावण्यांत पडून होते, कारण जिवंत परतणारा सैनिक आपल्या गणितात बसत नव्हता. याच सिल्व्हांना १९७४नंतर हुद्दा परत मिळाला, आणि १९८०त ते गोव्यात आले तेव्हा लोकांनी आपुलकीने स्वागत केलं. आपण आला असतात तर काय झालं असतं, हा प्रश्न उरतोच.

मित्रांनीही ऐन वेळी आपल्याला दगा दिला, हे मला आपल्या वतीने फार लागतं. इंग्लंडशी आपला १३७३पासूनचा दोस्तीचा तह, तरी त्यांनी खांदे उडवले. सुरक्षा परिषदेत आपल्या बाजूने सात मतं पडली, पण रशियाने नकाराधिकार वापरला. मग आपण जे हाती होतं ते केलंत. लिस्बनच्या विधिमंडळात गोव्याचं प्रतिनिधित्व चालू ठेवलंत. प्रांत नाही, पण प्रतिनिधी आहेत. ३१ डिसेंबर १९७४ला हा खेळ संपला. दिल्लीत मारियु सुआरिश आणि यशवंतराव चव्हाण यांनी करारावर सह्या केल्या आणि पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं, तेही मागल्या तारखेपासून.

गोवेकराला विचारायचं राहून गेलं म्हटलं ना, ते शेवटी विचारलं १६ जानेवारी १९६७ला. प्रश्न पोर्तुगालचा नव्हता. गोवा महाराष्ट्रात घालायचा की वेगळा ठेवायचा, हा होता. दावा सांगायला आता आम्ही पुढे होतो, भाषा आमची, देव आमचे, नाटकं आमची. गोवेकरांनी ३४ हजारांच्या फरकाने नको म्हटलं. आमच्याकडची काही मंडळी अजून घुसमटतात, पण कोणी गोव्यावर नौदल पाठवलं नाही.

शेवटी एक काम होतं. १९ डिसेंबर १९६१च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना आपल्या देशाचं नागरिकत्व अजून मिळतं. पणजीत त्याचे एजंट बसतात. आजोबांचा जुना पोर्तुगीज दाखला काढायचा, नावातली स्पेलिंगं जुळवायची, लिस्बनला जन्मनोंद करायची आणि भारतीय पासपोर्ट जमा करायचा. पोरं लिस्बनला राहत नाहीत, ब्रेक्झिटच्या आधी तर बरीच थेट इंग्लंडला, स्विंडनसारख्या गावी गेली. लिस्बनच्या नोंदणी कार्यालयात कागद फार दिवस अडकून राहतात अशी तक्रार आहे. तिथे आपली कोणाशी ओळख असेल तर जरा शब्द टाका.

कळावे,
आपल्या प्रांताचा एक शेजारी