सायकल कोणाच्या मापाची?

“अगं, समोरच्यांच्या अंगणातलं प्रदर्शन पाहिलंस का?”

“कोणतं, मावशी? ती नवी सायकल? सायकल नाही दिसली बाई, तिच्यावर वाळत घातलेले टॉवेल तेवढे दिसले.”

“तेच म्हणते मी! दसऱ्याला आणली, झेंडूचा हार घातला, गल्लीभर पेढे वाटले. आपल्याकडं दोन आले, मोजून. अन् दिवाळी यायच्या आत हँडलला टॉवेल, सीटवर पायपुसणं.”

“पोरगं चालवत नाही का मंग?”

“चालवील कसं? सहावीतलं पोरगं, जेमतेम पावणेपाच फूट. अन् सायकल आणली एकोणतीस इंची चाकाची. चढायचं ते ओट्याला टेकवून, अन् उतरायचं ते पडेल तिथं. परवा पारसी टेकडीकडं नेली होती म्हणे. मधेच कुत्रं आडवं आलं. यानं ब्रेक मारून पाय खाली सोडला, तर पाय जमिनीला टेकायच्या आधी दांडीच टेकली. कुठं टेकली ते काही मी कंपाउंडवरून ओरडून सांगत नाही.”

“अगं माय!”

“रडत रडत ढकलत आणली. आता पोरगं तिच्याकडं बघत पण नाही. बाप म्हणतो, होईल सवय.”

“पण मावशी, थोडी मोठी घेतलेली बरी ना? आमचे हे पण तेच म्हणू राहिले. चिऊ नववीत गेली, तिला ती जाड टायरची गिअरवाली पाहिजे. हे म्हणतात, घ्यायचीच तर मोठी घेऊ, कॉलेजपर्यंत पुरेल.”

“तुझ्या ह्यांना सांग, वाढत्या अंगाचा शिवतात तो शाळेचा युनिफॉर्म. ढगळा झाला तर दोन वर्षं बाह्या दुमडायच्या, झालं. सायकलच्या बाह्या दुमडता येत नाहीत. लहान सायकलचं सीट वर उचलता येतं, हँडलचा स्टेम बदलता येतो. मोठीची दांडी कोण कापून देणार? दोन मापांत अडकलीस तर डोळे झाकून लहान घे.”

“तुम्हाला बरं एवढं माहीत!”

“माझ्या भावाचं सायकलचं दुकान नाही का नव्या जालन्यात! लग्नाआधी पंक्चर काढलीत मी तिथं, हे आमच्या सासरी आजवर कोणाला माहीत नाही. तेव्हा कसं, मापं दोनच. बावीस इंची अन् चोवीस इंची. अन् ते माप चाकाचं नसायचं बरं का, फ्रेमचं असायचं. चाक दोन्हीला तेच, अठ्ठावीस इंची. उंच माणसानं चोवीस घ्यायची, बुटक्यानं बावीस. अन् आम्ही पोरांनी तासावर भाड्यानं आणून दांडीखालून पाय घालायचा अन् हाफ पायडल मारायचं.”

“मंग ही एकोणतीस म्हणजे चाक की फ्रेम?”

“इथंच तर सगळे फसतात. दुकानातला पोरगा विचारतो, सव्वीस देऊ, साडेसत्तावीस देऊ का एकोणतीस? ते सगळं चाकाचं. फ्रेमचं माप निराळं. पायडलचा जो मधला एक्सल आहे ना, तिथून सीटची नळी वर जिथं संपते तिथपर्यंत. ते चौदा, सोळा, अठरा, वीस असं असतं. कोणी नुसतं एस, एम, एल छापतात, अन् एका कंपनीची एम दुसरीच्या एमशी जुळेलच असं नाही. एकाच साडेसत्तावीसच्या चाकावर पंधराची फ्रेम पण मिळते अन् एकोणीसची पण. मोठं चाक दगड-खड्डा सोपा ओलांडतं, एवढा त्याचा गुण. पण माणूस बसतो फ्रेमवर.”

“आणि वय? डब्यावर लिहिलेलं असतं ना, इतक्या वर्षांसाठी म्हणून.”

“वय बघून काय कळतं? तुझी चिऊ अन् तिची ती जाफराबादची आत्तेबहीण एकाच वर्षाच्या. उभ्या केल्या तर डोकं खांद्याला लागतं. एकदम लहान पोरांना ठीक, वीस इंची, चोवीस इंची चाक उंचीवरून चालतं. साडेचार फुटाच्या पुढं चोवीस, पाच फूट झाले की सव्वीस. पण खरं माप पायाचं. बोलाव तिला. टेप आण, अन् एक जाड पुस्तक.”

“चिऊ! ए चिऊ! भूगोलाचं पुस्तक घेऊन बाहेर ये!”

“ये गं. चप्पल काढ. भिंतीला पाठ लाव, टाचा पण. पायांत अर्धा फूट अंतर ठेव. आता हे पुस्तक उभं धर, दोन्ही पायांच्या मधे, अन् सीटवर बसल्यासारखं घट्ट वर लाव. लाजू नको, शिंपी नाही मी. पुस्तकाची कड भिंतीला सरळ लागली का? कर पेन्सिलीनं खूण. बघ गं किती?”

“एकोणतीस इंच.”

“उंची पाच फूट दोन, अन् पाय एकोणतीस. आता भावाचं गणित. पायाचे इंच गुणिले शून्य पूर्णांक सत्तावन्न.”

“साडेसोळा, मावशी!”

“हुशार आहे. म्हणजे सोळाची फ्रेम आधी बघायची. अठराकडं बघायचं पण नाही. हा अंदाज आहे हां, शेवटचा शब्द नाही. शेवटचा शब्द दांडीवर उभं राहून. जे बूट घालून चालवणार तेच घालून दुकानात जायचं, दोन्ही पायांच्या मधे सायकल घेऊन जमिनीवर सपाट उभं राहायचं. दांडी अन् आपल्यामधे कमीत कमी दोन इंच मोकळे पाहिजेत. तीन-चार बोटं गेली पाहिजेत, ती पण आडवी. म्हणजे चिऊला जी दांडी सत्तावीस इंचांच्या वर आहे ती नापास.”

“दोन इंच काहून? साध्या सायकलला तर एवढं कोणी बघत नाही.”

चिऊलाच राहवलं नाही. “आई, साध्या सायकलवरून आपण डांबरी रस्त्यावर उतरतो. हिच्यावरून उतारावर, दगडांत एकदम उडी मारावी लागते. एक पाय दगडावर, एक खड्ड्यात. ही सायकल निघालीच तशी ना! अमेरिकेत कॅलिफोर्नियात माउंट टॅमलपाईस म्हणून डोंगर आहे. तिथली पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली भंगारातून आणून उतारावरून पळवायची. १९७६ पासून त्यांनी शर्यतच लावली, रिपॅक नावाची.”

“रिपॅक? हे काय नाव?”

“ब्रेक मागच्या चाकाच्या पोटात असायचा. उतरून खाली येईपर्यंत त्यातलं ग्रीस जळून धूर निघायचा. दर वेळी उघडून नवं ग्रीस भरा, म्हणून रिपॅक. मग १९७७ मध्ये जो ब्रीझ नावाच्या माणसानं त्यासाठी मुद्दाम फ्रेमच बनवली. १९९६ ला अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला पण.”

“बघ! वीस वर्षांत भंगारातून ऑलिंपिकात. अन् आपल्या समोरची तीन आठवड्यांत अंगणातून टॉवेलात. तर त्या पोरांनी सगळं पडून-झडून शिकलं, म्हणून आता दांडी मागच्या बाजूला खाली उतरती असते. उतरताना जागा राहावी म्हणून.”

“मावशी, सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळतात ना, माझ्या भोकरदनच्या भाचीला मिळाली. तिचं तर कोणी मापच घेतलं नव्हतं. छान चालवते.”

“अगं, ती लेडीज सायकल. तिची दांडी आधीच खाली वाकलेली, साडी-ओढणीसाठी. आठवीच्या पोरीपासून बारावीच्या पोरीपर्यंत सगळ्यांना सामावून घेते, नुसतं सीट वर-खाली केलं की झालं. शाळेच्या रस्त्याला तिच्यासारखी दुसरी नाही. गिअरवाली तशी मायाळू नसते. चिऊला शाळेपुरतीच पाहिजे असती तर मी म्हणलं असतं लेडीजच घे.”

“नाही, हिला घाणेवाडीच्या तलावाला जायचंय मैत्रिणींसोबत. अन् मंग राजूरला, गणपतीला. पुण्याची ती वेदांगी कुलकर्णी २०१८ ला अख्ख्या जगाला सायकलनं वळसा घालून आली, तेव्हापासून हिच्या डोक्यात.”

“जाऊ दे की. जगाला वळसा नंतर घाल, आधी राजूरचे पंचवीस किलोमीटर होऊ दे. पण त्यासाठी सीट बरोबर लागलं पाहिजे. आईच्या जिवाला काय वाटतं? सीटवर बसून दोन्ही तळपाय जमिनीला टेकले पाहिजेत.”

“नाही का पाहिजेत?”

“नाही. तसं सीट लावलं तर राजूर यायच्या आत गुडघे बोंबलतात. पायडल खाली असताना टाच त्याच्यावर ठेवायची, पाय सरळ झाला पाहिजे. मंग चालवताना पायाचा चवडा पायडलवर येतो, गुडघा थोडा वाकलेला राहतो. ती बरोबर उंची. सीटवर बसल्यावर जमिनीला बोटं टेकली तरी पुष्कळ. पहिले काही दिवस भीती वाटते, तोवर इंचभर खाली ठेव. अन् उतार आला की खाली करायचंच. सीटच्या पाइपवर एक रेघ असते, ती फ्रेमच्या बाहेर दिसली की थांबायचं. त्याच्यावर उचललं की पाइप मोडतो, नाहीतर फ्रेम चिरते.”

“अन् हात?”

“हँडल धरल्यावर कोपर जरा वाकलेलं. हात ताठ झाले तर सायकल लांब. वळताना गुडघा हँडलला लागला तर आखूड. हँडल पूर्ण वळवून बघायचं, लांबचा हात सुटायला नको. ब्रेकच्या लिव्हरपर्यंत बोटं पोचतात का तेही बघ. पुष्कळ ब्रेकना बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर जवळ येते. पोरींच्या हाताला हे कोणी करूनच देत नाही. अन् नुसतं दुकानात बसून नाही, बाहेर चक्कर मारायची. जो चक्कर मारू देत नाही त्याच्याकडून घ्यायची नाही.”

“मागं शॉकप असलेली घेऊ का? भारी दिसते.”

“दिसते. स्वस्तातली असली की मागचा शॉकप फक्त वजन वाढवतो, अन् चढावर पायाचा जोर त्याच्या स्प्रिंगमधे जातो. पुढं एक पुरे. आपल्या जालन्यात डोंगरापेक्षा दोन गोष्टींची काळजी. एक, काळी माती. पावसात मोसंबीच्या बागेच्या कडेनं गेलीस की टायर अन् मडगार्डच्या मधे ती अशी बसते की चाकच फिरत नाही. टायरला बाजूनं जागा पाहिजे. दुसरे सराटे. त्यांना एकोणतीस, सव्वीस काही कळत नाही, सगळ्यांना सारखं पंक्चर करतात. जास्तीची ट्यूब अन् पंप सोबत ठेवायचा. अन् औद्योगिक वसाहतीच्या बाजूनं नको गं पोरी, तिकडून सळईचे ट्रक पळतात.”

“एवढं सगळं समोरच्यांना कोणी सांगितलं नाही का?”

“विचारलं तर सांगतील! डब्यात मागवली. ती अर्धवट जोडलेली येते. बापानं मोबाइलवर व्हिडिओ लावून स्वतः बसवली. माझा भाऊ पेढे खायला आला होता, त्यानं बघितलं तर पुढचा चिमटा उलटा. डिस्क ब्रेक डावीकडं पाहिजे, तो उजवीकडं! त्यानं तिथंच पाना मागून सरळ करून दिला. मंग म्हणाला, बस बरं बाळा. बाळाचा पाय सव्वीस इंच, दांडी तीस. चार इंच हवेत! भावाला काही बोलवेना.”

“पण मावशी, बापानं एवढी मोठी मागवलीच काहून? आंधळा तर नाही ना माणूस.”

“आता ऐक. जवळ ये. भावानं सहज म्हणलं, साहेब, तुम्ही उभं राहून बघा. ते राहिले. उंची पाच फूट दहा, पाय तेहतीस. अन् दांडीच्या वर नेमके तीन इंच मोकळे. सीट बरोबर, कोपर बरोबर, सगळं सुतात.”

“म्हणजे...”

“म्हणजे दोन इंचाची चूक असती तर म्हणलं असतं, अंदाज चुकला. एवढं नेमकं माप चुकून बसतं का कधी? डॉक्टरांनी पोट कमी करायला सांगितलंय ना त्यांना. बायकोला कसं सांगणार, पन्नाशीला सायकल घेतो म्हणून? पोराच्या नावावर घेतली.”

“अन् पोराला दांडी लागली!”

“आता पहाटे कोणी बघत नाही तेव्हा बाहेर काढतात. मी दूध घ्यायला उठते ना, मला दिसतं. परवा विचारू राहिले होते, समृद्धीवर चालवता येईल का, सपाट रस्ता आहे.”

“तिथं तर मोटारसायकलला पण मनाई आहे!”

“तेच भावानं सांगितलं. तोंड बघायचं होतं. पण त्यात वाईट काय आहे, सांग? चालवू दे त्यांना. मीच उद्या त्यांच्या बायकोला सांगणार आहे, ही तुमच्या ह्यांची, आता पोराला चोवीस इंची घेऊन द्या. दोघं मिळून घाणेवाडीला जातील, टॉवेल तारेवर वाळतील.”

“अन् आमचं? रविवारी येता का दुकानात?”

“येते. तू येऊ नको, तुझे हे पण नको. दुकानदार ज्याच्या हातात पैसे त्याच्या उंचीची सायकल दाखवतो. चिऊ, मी अन् टेप. बूट विसरू नको गं चिऊ.”

“मावशी, नळ आले वाटतं!”

“आले? अगं मंग उभी काय राहिलीस, मोटर लाव आधी! आता आठवडाभर नाव नाही घ्यायचे. अन् ते पायाचं माप कुठंतरी लिहून ठेव, एकोणतीस. तुझे हे तीस सांगतील.”