हरळी कशी लावावी : नवशिक्यांसाठी

पहिली सूचना. कळंब्यात लॉनसाठी हरळी लावणार असाल, तर ऊसवाल्या शेजाऱ्याला सांगू नका. मी आबांना हौसेनं सांगितलं. त्यांनी खुरपं खाली ठेवलं. "लावतोयस? आन् आमी तीन पिढ्या उपटतोय की रं!"

ओळख बसून करावी. उभ्यानं गवत ओळखणं फक्त म्हशीला जमतं. काडी जमिनीवर सरपटते आणि पेरापेराला मुळ्या सोडते. तुरा म्हणजे एका टोकातून फाकलेली चार-पाच बोटं. म्हणून तर शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. ग्रीकमध्ये डॅक्टिलॉस म्हणजे बोट. (नर्सरीत हीच बर्म्युडा होते आणि भाव चढतो.) देठ बोटांत फिरवून बघा. तिकोनी लागला, तर तो लव्हाळा. गप्प उठा, हात धुवा. ते दुखणं वेगळं.

लागवड जूनमध्ये. काशांचे, म्हणजे जमिनीखालच्या खोडांचे, दोन-तीन पेरांचे तुकडे करा, चार-सहा बोटांवर ओल्या मातीत टोचा, पायानं दाबा. झालं. आबांनी एकदा हरळी मारायला रानात रोटाव्हेटर घातला होता. तुकड्या-तुकड्याला कोंब आला. विधी तोच, संकल्प तेवढा वेगळा! खरा उपाय म्हणजे उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, ढेकळं तापू द्यायची आणि काशा वेचून जाळायच्या. नुसत्या बांधावर फेकल्या, तर वळवाच्या पहिल्या सरीला त्या उठून बसतात. मी एक काशी उकरून पाहिली : वीतभर खोल, पिवळसर पांढरी, टोकाला दाभणासारखा टोकदार कोंब. तो फरशीच्या सांधीकडे निघाला होता. लॉनच्या वाफ्याकडे नव्हे.

आंब्याखाली लावू नका. सावली ही हिची एकच दुखरी नस. ऊस वाढून फड झाकला, की आतली हरळी आपोआप दबते. उन्हात मात्र पारा 35 वर गेला तरी मजेत. विम्बल्डनच्या हिरवळीवर रायग्रास असतं, थंड हवेचं. ते इथला एप्रिल काढणार नाही. उलट डिसेंबर-जानेवारीत हरळी पिवळी पडते. घाबरून पाण्याचा पाइप सोडून ठेवू नका. ती मेलेली नाही. ती मरत नाही, हीच तर आबांची तक्रार आहे.

कापताना एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त काढू नका. मी दर रविवारी नेमानं कापली. गालिचाच झाला.

मग गणेश चतुर्थी आली. 21 दूर्वांची जुडी हवी, तीन पानांच्या कोवळ्या शेंड्यांची. माझ्या गालिच्यावर शेंडा शोधून सापडेना. सगळे रविवारी गेलेले. शेवटी सकाळी सकाळी ताटली घेऊन आबांच्या बांधावर गेलो. तिथं गुडघ्याला लागेल एवढी हरळी होती.

"घे की," आबा म्हणाले, "पर मुळासकट ने."