गुन्हेगार न पाहता क्रिमिनॉलॉजीत एम.ए.

अभिनंदन. क्रिमिनॉलॉजीला प्रवेश घेतला म्हटल्यावर 'म्हणजे पोलिसात लागणार का?' असं मावशीने विचारलंच असेल. हो म्हणून टाका. रिसर्च मेथडॉलॉजी मावशीला समजावण्याच्या भानगडीत पडू नका, आधी स्वतःला समजू द्या.

१. विषय ऐसपैस घ्या. 'महाराष्ट्रातील गुन्हेगारी : एक अभ्यास'. 'चिकित्सक' हा शब्द घालू नका, व्हायवात नेमकं त्यावरच बोट ठेवतात.

२. येरवड्याच्या कैद्यांच्या मुलाखतींसाठी अर्ज करा. विभागप्रमुखांचं पत्र, प्रश्नावली, हमीपत्र, सगळं जोडा. आवकचा शिक्का मारलेली पोच प्राणापलीकडे जपा. परवानगीआधी सबमिशनची तारीख येते. मग तीच पोच परिशिष्टात लावायची.

३. कैदी नाहीत? हॉस्टेल आहे की! गूगल फॉर्म ग्रुपवर टाका. मित्रांनी भरला तर 'सोयीस्कर नमुना', मित्रांनी पुढे मित्रांना पाठवला तर 'स्नोबॉल'. बिचाऱ्यांनी 'पूर्णतः सहमत' ते 'पूर्णतः असहमत' न वाचता खूण केलेली असते, पण एसपीएसएस सॉफ्टवेअरला ते कळत नाही. पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली की चहा सांगा.

४. दुसऱ्या प्रकरणात लोंब्रोसोला हसा. सगळे हसतात. १८७६ साली पुस्तक लिहून त्याने जबडा, कान, कवटी यांवरून जन्मजात गुन्हेगार ओळखायला घेतले. आपल्याकडे इंग्रजांनी त्याच्याही पाच वर्षं आधी, १८७१ साली, काही न मोजताच कायदा करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला. चोरी झाली की पहिली जीप अजून पारध्यांच्या पालावर का जाते, हे मात्र 'अभ्यासाच्या मर्यादा' या सदरात ढकला.

५. आता आकडे. 'क्राइम इन इंडिया' या सरकारी अहवालातले तक्ते उचला, १९५३ पासूनचा माल आहे. एकाच एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले, तर मोजणीत फक्त सगळ्यात गंभीर गुन्हा धरतात. भारी कलम हलक्याला गिळतं. तळटीप देऊ नका, ग्राफ बिघडतो. रेघ वर गेली तर 'गुन्हेगारीत वाढ' लिहा. लोक तक्रार करायला लागले असतील, ही शंका गाईडपुढे काढू नका.

६. न नोंदलेल्या गुन्ह्यांना शास्त्रात 'डार्क फिगर' म्हणतात. त्यावर अर्धं पान पुरे.

माझं अर्धं पान लिहून झालं त्याच आठवड्यात बसमध्ये माझा मोबाइल गेला. चौकीत ब्लेडने चिरलेली बॅग टेबलावर ठेवली. हवालदारांनी चिरेत बोट घालून पाहिलं आणि म्हणाले, ''शिवून घ्या. आणि चोरी कशाला, गहाळ लिहा. दाखला लगेच मिळेल.'' दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की एफआयआर नोंदवायलाच हवा, हा ललिता कुमारी खटल्याचा २०१३ चा निकाल मला तोंडपाठ होता. पण सिमकार्डही हवं होतं. मी 'गहाळ' लिहिलं.

रात्री पाहिलं तर फॉर्म ९९ आलेले. शंभरावा स्वतःच भरायला बसा, सगळे बसतात. प्रश्न सातवा : 'गेल्या वर्षभरात आपण एखाद्या गुन्ह्याला बळी पडलात का?'

'नाही'वर खूण केली. दाखला होता ना जवळ, सही-शिक्क्याचा.